शेठचा श्रावण

मला येणारे निम्मे फोन एकाच तक्रारीचे असतात. ‘मॅडम, जेवत नाहीये हो.’ बोलणारा पुण्याचा असो की सुरतेचा, आवाज असा पडलेला की कुणालाही वाटावं, घरात म्हातारं माणूस आजारी आहे. मी विचारते, किती मोठा आहे, तोंड कसं आहे, बरोबर कोण कोण आहेत, आणि मग सांगते, आणून सोडा माझ्याकडे. बाबांच्या ज्या गोदामात पूर्वी कापडाच्या गठ्ठ्यांची थप्पी असायची, तिथे आता माझ्या काचेच्या टाक्या आहेत. समुद्रातून आलेले, रुसलेले, कशालाही तोंड न लावणारे मासे मी तिथे ठेवून घेते, त्यांना जेवायला लावते आणि मगच परत पाठवते. नातेवाइकांना हा धंदा समजावून सांगायचा म्हणजे पंचाईत. माझी मावशी अजून विचारते, ‘म्हंजे तू मासलीच इकतंस ना गं?’ मी आता वाद घालत नाही, हो म्हणून टाकते. पण हा धंदा मला ज्याने लावला, त्याच्याबद्दल आज सविस्तर लिहिणार आहे. त्याला आमच्या घरात सगळे ‘शेठ’ म्हणत.

मी बारावीला नापास झाले होते. सायन्स घेतलं होतं, फिजिक्स आणि गणित दोन्ही गेले. बाबा रागावले नाहीत, हेच मला जास्त लागलं. उलट त्यांना हायसंच वाटलं असावं. काल्हेरचं एक स्थळ होतं, मुलाच्या घरी ट्रक होते, आणि त्या लोकांना ‘मुलगी अजून शिकते’ एवढीच अडचण वाटत होती. ती अडचण बोर्डाने परस्पर दूर केली. मला पुन्हा परीक्षेला बसायचं होतं. ते मी आईजवळ बोलले, आई बाबांजवळ बोलली, आणि बाबा म्हणाले, ‘बगू.’ आमच्या घरात ‘बगू’ म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

बंगला तेव्हा नवाच होता. आमच्या शेतावर गोदामं उभी राहिली आणि उरलेल्या तुकड्यावर बाबांनी हा दोन मजली, गुलाबी रंगाचा बंगला बांधला. पण घर वरून बदललं, आतून जुनंच राहिलं. आई मार्बलच्या ओट्याशेजारी खाली बसूनच तांदळाच्या भाकऱ्या थापायची. बुधवार, शुक्रवार, रविवार मासळी ठरलेली, आणि मधल्या वारी निदान सुकट तरी. गॅलरीत बोंबील वाळत आणि खालून कंटेनर जात. रस्त्यापलीकडे कापडाचा कारखाना होता, त्यातले लूम सकाळपासून खटखटत असायचे. पाहुण्यांना त्या आवाजाने झोप यायची नाही. आम्हाला मात्र लाइट गेली आणि लूम थांबले की काहीतरी बिनसल्यासारखं वाटायचं. पुढे तर लूम थांबले की मी हातातलं टाकून हॉलमध्ये धावायचे, कारण लाइटीबरोबर तिथल्या माशांच्या टाकीचा पंपही बंद पडायचा, आणि मासे गुदमरू नयेत म्हणून मगने पाणी वरून ओतत बसावं लागायचं. आजही कारखाना अचानक गप्प झाला की माझा हात आपोआप मग शोधतो.

ही टाकी म्हणजे बाबांची हौस. मुंबईला एका व्यापारी पार्टीच्या ऑफिसात त्यांनी खाऱ्या पाण्याच्या माशांची टाकी पाहिली आणि तिथल्या तिथे ठरवलं, आपल्याकडंपन पायजे. कुर्ल्याहून रिझवानभाई नावाचे टाकीवाले आले. त्यांनी हॉलची अर्धी भिंत अडवणारी टाकी बसवली, खडक रचले, आणि परदेशी मिठाच्या बादल्या आणल्या. बाबांचं टाळकं तिथेच फिरलं. आमच्या आजोबांचा जन्म मिठागरात गेलेला, बाबांनी स्वतः लहानपणी मिठाच्या पाट्या वाहिलेल्या. ‘आगऱ्याच्या घरात मीठ बाजारातून इकत?’ असं म्हणत त्यांनी रिझवानभाईंची पाठ वळताच खाडीचं खडेमीठ गोणीने आणून टाकीत ओतलं. पाणी आधी पांढरं झालं, मग पिवळसर, आणि दुसऱ्या दिवशी एक सुंदर निळा मासा आडवा झाला. रिझवानभाई आले, पाण्याची चव घेतल्यासारखं तोंड करून म्हणाले, ‘शेठ, ये मछली है, इसका लोणचा नहीं डालना है.’ बाबा पुढे कित्येक महिने टाकीला हात लावायला धजले नाहीत. टाकीचं काम आपसूक माझ्याकडे आलं, कारण घरात रिकामी मीच होते.

नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची एक जोडी होती, एक पिवळा होता. ही गुणी बाळं. डबीतले दाणे टाकले की हावरटासारखे तुटून पडायचे. मग एके दिवशी रिझवानभाईंनी एक नवा आणला. पांढरं अंग, त्यावर तांबूस उभे पट्टे, शेपटीजवळ एक काळा ठिपका, आणि तोंड चिमट्यासारखं लांब पुढे आलेलं. टाकीत सोडल्यावर त्याने सगळे खडक फिरून पाहिले. मी दाणे टाकले. त्याने एका दाण्याजवळ येऊन मान तिरकी केली, नीट पाहिलं, आणि वळून गेला. बाबा सोफ्यावरून म्हणाले, ‘ह्यो तर शेठ हाय. त्याला मेनू कार्ड दाखव.’ तेव्हापासून तो शेठ झाला.

शेठ जेवेना. पहिल्या दिवशी आम्ही हसलो. नंतर त्याची पाठ डोक्याच्या मागे खपाटीला जायला लागली, तेव्हा हसू बंद झालं. मी कोलंबी किसून टाकली, ती पिवळ्याने खाल्ली. रिझवानभाईंनी बर्फातले कसले कसले किडे पाठवले, ते जोडीने फस्त केले. आईने भिजवलेला जवळा दिला, येणाऱ्याजाणाऱ्याने आपापलं डोकं चालवलं, आमच्या ड्रायव्हरने तर खारी बिस्किटाचा चुरा टाकला आणि मला अर्धं पाणी बदलावं लागलं. फोनवर रिझवानभाई म्हणाले, ‘ये वाला ऐसाच है. दस में से आठ भूके मरते हैं. दिल मत लगाओ.’ पण दिल लागून चुकलं होतं. रोज सकाळी मी पायऱ्या उतरताना आधी टाकीच्या तळाकडे बघायचे, आणि तो तळाशी आडवा नाही हे दिसलं की मगच तोंड धुवायला जायचे. त्यातच एका दुपारी बाबा जेवून उठता उठता म्हणाले, ‘एक मासा खायला घालता येत न्हाय, आनि बाय कॉलेजला जातंय.’

मला इतका राग आला की मी तोंडाला येईल ते बोलले. ‘आणि घातला तर? जगवला तर बसू द्याल परीक्षेला?’

बाबा हसले. पाहुण्यांसमोर ते असे हसायचे. ‘गनपती जाईपर्यंत जगव. मग सांग काल्हेरवाल्यांना, पोरगी शिकतंय.’

त्यांनी ते थट्टेत म्हटलं, हे मला कळत होतं. पण आई तिथेच ताटं उचलत होती, आणि तिने ऐकलं होतं.

मग मी तासन्‌तास टाकीसमोर बसून राहायला लागले. अभ्यासाला कधी बसले नाही इतकी. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की शेठ उपाशी असला तरी त्याचं तोंड दिवसभर चालू असतं. तो खडकाच्या भेगांत चोच घालून काहीतरी टिपू बघायचा. पाण्यात तरंगणाऱ्या, वरून पडणाऱ्या वस्तूकडे तो बघायचाच नाही. त्याला ते अन्न वाटतच नसावं. कुठेतरी खुपसून, ओढून, तोडून काढण्यात त्याची सगळी गोडी होती. त्या दिवशी शुक्रवार होता आणि आई तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, धुवत होती. मी एक जिवंत तिसरी उचलली, चाकूने उघडली, आणि अर्धा शिंपला आतल्या मांसासकट खडकाच्या कपारीत ठेवला. बाकीच्यांना दुसऱ्या कोपऱ्यात दाण्यांवर गुंतवलं. शेठ आला. मान तिरकी. मग त्याने चोच पुढे करून एकदा हळूच टोचलं, मागे सरला, पुन्हा आला, आणि मांसाचा तंतू धरून असा काही ओढला की शिंपला हलला. मी किंचाळले. आई एव्हाना भाकऱ्या थापायला बसली होती, ती पीठभरल्या हातांनी धावत आली. आम्ही दोघी काचेला नाक लावून उभ्या राहिलो आणि शिंपला चाटूनपुसून साफ होईपर्यंत हललो नाही. तव्यावरची भाकरी करपली, आणि ती आईने मुकाट्याने स्वतःच्या ताटात घेतली.

मी लगेच पुढचा विचार केला. आमच्याकडे श्रावण लागला की गणपती जाईपर्यंत घरात मासळी येत नाही. म्हणून मी बाजारातून भरपूर तिसऱ्या आणल्या, धुतल्या, पिशव्यांत भरल्या आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात मागे सारून ठेवल्या. गोठवलेल्याही तो खातो, हे आधी करून पाहिलं होतं. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होते. फक्त एक गोष्ट मी आईला सांगायला विसरले.

गटारीला आमच्याकडे फ्रीज रिकामा होतो. उरलेली मासळी, मटण, सुकट, सगळं त्या एका दिवसात शिजतं आणि संपतं. मग फ्रीज उघडा टाकून सोड्याने पुसतात, कालवणाची भांडी माळ्यावर जातात. त्या दुपारी पानं भरगच्च होती. पापलेट, मटण, वडे, आणि एक तिसऱ्यांचं सुकं, ओलं खोबरं घातलेलं. मी दोनदा मागून घेतलं. ‘आज तिसऱ्या कवढ्या गं आनल्यास!’ बाबा आईला म्हणाले. आई म्हणाली, ‘मी कुठं, फ्रीजातच व्हत्या.’ माझा घास तोंडातच राहिला. शेठचा सगळा शिधा आम्ही खोबऱ्यात परतून खाल्ला होता, आणि सगळ्यात जास्त मी.

श्रावण लागला. आईजवळ गयावया केली तर ती ऐकून घेईना. ‘घरात देव हाय, वैजू. महिनाभर वशाटाचा वास मना घरात नको. बाकीचे खातात तसा दाने खाईल, भूक लागली की कुनीबी खातं.’ आई वाईट नव्हती, पण श्रावणाच्या बाबतीत तिच्याशी कुणाचीच डाळ शिजायची नाही. शेठची पाठ पुन्हा खपाटीला जायला लागली. मी कॉम्प्युटरच्या क्लासला जाते असं सांगून रिक्षाने निजामपुऱ्यात गेले, माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीकडे, नफिसाकडे. त्यांचं घर लूमच्या गल्लीत, वर माणसं आणि खाली कारखाना, त्यामुळे तिथे सगळेच ओरडून बोलायचे. नफिसाच्या अम्मीने सगळं ऐकलं, हसून हसून डोळे पुसले आणि फ्रीजचा एक कप्पा मोकळा केला. ‘तेरे सेठ का टिफिन मैं रखती. रोज ये, ताजा घेऊन जा.’ मग रोज मी स्टीलच्या लहान डब्यात चारदोन तिसऱ्या घालून आणायचे. घराबाहेरच उघडायच्या, शिंपला ओढणीआड लपवून हॉलमध्ये न्यायचा आणि रिकामा झाला की कुंपणापलीकडे भिरकावायचा.

आईला पत्ता लागायला वेळ लागला नाही. तिचं नाक म्हणजे नाक होतं. एका सकाळी ती पूजेवरून उठून थेट हॉलमध्ये आली, आणि माझा हात टाकीत होता.

‘कुठनं आनतंस?’

मी सांगून टाकलं. नफिसाचं, क्लासचं, डब्याचं. आणि मग मला रडूच फुटलं. मी म्हणाले, ‘आई, हा मेला तर माझं लग्नच होणार. मला नाही करायचं एवढ्यात. मला परीक्षा द्यायचीय.’ इतकं सरळ मी त्याआधी घरात कधी बोलले नव्हते.

 आईने टाकीत पाहिलं. शेठ शिंपल्याशी झटापट करत होता, त्याला आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मग तिने पदर खोचला आणि हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली. ‘ह्या बाजूला तुजा मासा. ह्या बाजूला माजा श्रावन. डबा बाहेर, सुरी बाहेर. आनि त्याला हात लावलास की डोक्यावरनं अंघोल केल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाय. समजलं?’

समजलं. शेठ दिवसातून तीनदा जेवायचा, म्हणून मी दिवसातून तीनदा न्हायचे. माझे केस त्या श्रावणात वाळलेच नाहीत. बाबा येताजाता विचारत, ‘काय गं, आज कितवी आंगोल?’ पण माशाची पाठ भरत होती, आणि तेही मधूनमधून चहाचा कप घेऊन टाकीसमोर उभे राहताना मला दिसायचे.

व्हायचं तेच झालं. ओल्या केसांनी पावसात रिक्षा करून करून मला ताप भरला. डॉक्टर घरी आले, गोळ्या दिल्या, आणि अंघोळ पूर्ण बंद केली. मी वरच्या खोलीत चादर घेऊन पडले होते. डोकं ठणकत होतं आणि मनात एकच, की कालपासून त्याच्या पोटात काही नाही. आई काढा घेऊन आली तेव्हा मी म्हणाले, ‘आई, शेठ…’ तर ती म्हणाली, ‘गप झोप.’ श्रावणी सोमवार होता, तिचा उपास होता. तिला पुढे काही बोलायची माझी हिंमत झाली नाही. झोपेत की जागेपणी कुणास ठाऊक, मला खाली फाटक वाजल्याचं, नफिसाचा आवाज आल्याचं वाटलं. थोड्या वेळाने मी भिंतीला धरून जिना उतरले.

आई स्टुलावर उभी होती. साडी खोचलेली, हात कोपरापर्यंत टाकीत, हिरव्या बांगड्या पाण्याखाली. दोन बोटांत तिने शिंपला धरला होता. कपारीत ठेवायचा असतो हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती तशीच धरून उभी होती. शेठ तिच्या अंगठ्यापाशी येऊन खात होता. माझ्या हातातून त्याने कधीही खाल्लं नव्हतं. ‘सावकास,’ आई त्याला सांगत होती. ‘कोन घेतंय तुज्याकडनं? त्या पिवल्याला मी बगते. तू खा. पोरगी तापानं फनफनलीय, आनि तुजे नखरे.’ मी जिन्यातच बसले. तिने मला पाहिलं, पण हात बाहेर काढला नाही. शिंपला संपल्यावर ती उतरली, बाहेर जाऊन शिंपला टाकला, मग न्हाणीघरात गेली, आणि मला तिच्या अंगावर पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू आला. माझा ताप उतरेपर्यंत ती हे रोज करत राहिली. मला त्या वेळी तिच्याबद्दल जे वाटलं, ते मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. आज ती नाही, म्हणून इथे लिहिते, की मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, माझ्या बाजूने घरात कुणीतरी उभं आहे.

गणपती आले, गेले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी बाबा पहाटेच गाडी काढून बाजारात गेले आणि हलवा मासळीच्या तुकड्या घेऊन आले. इतके दिवस भाजीवर काढलेले, त्यामुळे ते आंघोळ करून, भांग पाडून, जेवणाच्या कितीतरी आधी टेबलाशी येऊन बसले. तव्यावर तुकड्या चुरचुरत होत्या आणि वास सगळ्या बंगल्यात भरला होता. आईने ताटं मांडली. बाबांच्या ताटात भात, कालवण, लिंबाची फोड. मग ती हातात तळलेल्या तुकड्यांचं ताट घेऊन बाबांच्या बाजूला उभी राहिली. आणि उभीच राहिली.

‘वाढ ना,’ बाबा म्हणाले.

‘मासा जितांय,’ आई म्हणाली.

बाबांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी हॉलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ‘अगं, मी आपलं हसन्यावारी…’

‘मी न्हाय हसले.’

‘आनि मधी तर तूच घालत व्हतीस त्याला. मी काय आंधला हाय?’

‘मंग? मी घातलं तर मासा कमी जगला का?’ आईचा आवाज चढला नव्हता. तुकड्यांमधून वाफ निघत होती. ‘काल्हेरला आज फोन करा. सांगा, पोरगी परीक्षेला बसतंय. तवर हे गार होऊ दे.’

बाबांनी ताटातल्या भाताकडे पाहिलं, आईच्या हाताकडे पाहिलं, आणि खिशातून फोन काढला. बोलताना ते दोनदा अडखळले, पण बोलले. फोन ठेवल्यावर त्यांनी ताट पुढे सरकवलं. आमच्या घरात मासळीची पहिली, मधली, चांगली तुकडी बाबांची. त्याला कधी अपवाद झाला नव्हता.

आई त्यांच्या मागून वळसा घालून आली आणि तिने ती तुकडी माझ्या ताटात वाढली. ‘जेव,’ ती म्हणाली, ‘आनि मग पुस्तकं काढ.’